कड्यावर मोहोळ, खाली बावीस मुलं

सोलापुरात क्लायंबिंग शिकवायचं म्हटलं की पहिला प्रश्न कड्याचा येतो. शहर सपाट माळावर वसलेलं. चहूकडे ज्वारीची रानं, बोरी-बाभळी आणि मधूनमधून खडीच्या खाणी. तरीही इथे दोर बांधणारी मंडळी आहेत, कॉलेजांकडून मागणी येते आणि हिवाळ्यात सत्रं होतात. त्यातलंच एक सत्र इथे सविस्तर मांडतो आहे. त्यात ना कुणी पडलं, ना पेपरात बातमी आली. झालं एवढंच की ऐन सकाळी ठरलेला कडा सोडून द्यावा लागला. बस भाड्याची, मुलं उत्साहात आणि क्रीडाशिक्षकांनी प्राचार्यांना फोटोंचा शब्द दिलेला, असं सगळं असताना तो नकार फारशी ओढाताण न होता पार पडला. असं का झालं, हा या प्रकरणाचा विषय.

मागणी एका कॉलेजच्या जिमखान्याची होती. २२ विद्यार्थी, त्यांत ९ मुली. सगळे नवखे. सोबत क्रीडाशिक्षक आणि एक मॅडम. आमच्याकडून सहा जण. नेतृत्व ज्यांच्याकडे होतं त्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून त्यांनी बेसिक आणि ॲडव्हान्स केलंय, शिवाय शिकवायचं कसं याचा एम.ओ.आय. हा कोर्सही. हा तिसरा कोर्स महत्त्वाचा. उत्तम चढणारे पुष्कळ असतात, पण वीस जणांना चढवणं हे वेगळं काम आहे.

जागा

क्रीडाशिक्षकांच्या मनात शहराजवळची एक बंद खाण होती. पंधरा मिनिटांचा रस्ता, गाडी पायथ्यापर्यंत, भिंत उभी आणि दिसायला स्वच्छ. ताईंनी ती पहिल्याच फटक्यात बाद केली. खाणीची भिंत सुरुंगाने फोडलेली असते. स्फोटाने तुटलेल्या भागाच्या मागेही दगडाला आतून चिरा जातात, त्या वरून दिसत नाहीत. हजारो पावसाळे गेलेल्या नैसर्गिक कड्यावरचा सुटा माल बराचसा आधीच खाली आलेला असतो. खाणीतला अजून यायचा असतो. शिवाय तळाशी पाणी साचलेलं. खाणी क्लायंबिंगला कधीच चालत नाहीत असं नाही, पण नवख्यांच्या गटाला नको.

नळदुर्गचा तट बघून कुणालाही हात शिवशिवतात. पण तो संरक्षित स्मारक आहे. तिथे खिळा तर सोडाच, दोरही टाकायचा नाही. बदामीचा वालुकाश्म म्हणजे क्लायंबर लोकांची पंढरीच, आणि सोलापूर-गदग रेल्वेमार्गावर असल्याने आम्हाला सोयीचीही. पण पहिल्यांदा हार्नेस (दोर अडकवायचा कमरपट्टा) घालणाऱ्या मुलांना मुक्कामी दुसऱ्या राज्यात न्यायचं कारण नव्हतं.

राहिली तुळजापूरची बाजू. त्या अंगाला माळ संपून बालाघाटाची डोंगरकड सुरू होते. तिथे एका ठिकाणी साधारण १५ मीटरचा, उत्तरेकडे तोंड असलेला कडा आहे. जागेचं नाव मुद्दाम देत नाही. नाव छापलं की पुढच्या रविवारी तिथे गर्दी होते आणि त्या गर्दीकडे हेल्मेट नसतात. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीवर दिवसभर सावली. सोलापूरच्या उन्हात ही फार मोठी गोष्ट आहे. डिसेंबरातही दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो आणि काळा दगड त्याहून तापतो.

खडक आपला नेहमीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. त्याचा स्वभाव माहीत असावा लागतो. मधला भाग घट्ट, काळा, धारदार पकडींचा. पण एका थरावर दुसरा थर बसलेला असतो आणि दोहोंच्या मध्ये कधीकधी लालसर, मऊ पट्टा लागतो. त्यावर भरवसा ठेवायचा नाही. आणि अगदी वरची कड बहुतेक ठिकाणी मुरमाड. दोर तिथे घासला की खडे सुटतात. म्हणून आम्ही पकडी हातोडीने वाजवत जातो. टणक आवाज आला तर ठीक. पोकळ, बसका आवाज आला की खडूने फुली.

याच कड्यापासून दीडेक किलोमीटरवर, एका ओढ्याच्या काठाला, आठ मीटरचा तिरपा पत्थर आणि आजूबाजूला डोक्याइतके-दीड पुरुष उंचीचे धोंडे आहेत. त्याला कुणी कडा म्हणणार नाही. ही जागा क्रमांक दोन.

कागद आणि तारीख

तारीख ठरवताना तुळजापूर रस्त्याचा विचार करावाच लागतो. नवरात्रापासून कोजागरीपर्यंत त्या रस्त्यावर पायी जाणाऱ्या भक्तांची रीघ असते आणि वाहतूक वळवली जाते. मग विद्यापीठाच्या परीक्षा. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा आणि गड्ड्याची जत्रा, तेव्हा अर्धं सोलापूर कामात किंवा गर्दीत. मधली फट डिसेंबरची.

आता कागद. या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यांत हुशारीचा भाग हाच, आणि तोच सगळ्यांत कंटाळवाणा. वनखात्याला दिलेल्या अर्जात, पालकांच्या संमतीपत्रात, कॉलेजच्या परिपत्रकात आणि बसवाल्याला दिलेल्या चिठ्ठीत ताईंनी दोन्ही जागा लिहिल्या. ‘मुख्य’ आणि ‘पर्यायी’ असं नाही; नुसतं ‘जागा १ किंवा जागा २, त्या दिवशीच्या परिस्थितीनुसार’. दोन्हीकडची परवानगी हातात, दोन्हीकडे बस कुठवर जाते ते ड्रायव्हरला ठाऊक, दोन्हीकडचे अँकर (दोर बांधायचे वरचे आधार) आधीच बघून, मोजून, वहीत उतरवलेले.

लीडरला नको म्हणायचं कळत नाही असं सहसा नसतं. धोका दिसतो, पण नकाराची किंमत तोवर इतकी वाढलेली असते की तोंडातून शब्द निघत नाही. बसचे पैसे, पालकांचे फोन, मुलांचे चेहरे, पुढच्या वर्षीचं काम. मग ‘बघू, जरा जपून करू’ म्हणत सगळे पुढे सरकतात. ही किंमत त्या दिवशी कमी करता येत नाही, आधी करून ठेवावी लागते. ताईंनी ती कागदावरच उतरवून ठेवली होती.

राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात नोंदणी, प्रशिक्षित माणसं आणि सुरक्षेचे नियम आले. ते पाळावेतच. पण ऐन सकाळी कड्यासमोर उभं राहून ‘आज नाही’ म्हणायची सोय कुठलाही शासननिर्णय करून देत नाही.

वैद्यकीय माहितीचे फॉर्म तीन दिवस आधी मागवले होते. दमा असलेला एक जण, त्याला पंप बरोबर ठेवायला सांगितलं. आणि एका मुलीने लिहिलं होतं: लहानपणी गांधीलमाशी चावल्यावर श्वास लागला होता, दवाखान्यात न्यावं लागलं. ताईंनी तिच्या वडिलांना फोन करून खात्री करून घेतली.

ऑक्टोबरअखेरच्या पहिल्या पाहणीत कड्याच्या डाव्या अंगाला, एका पुढे आलेल्या छज्जासारख्या खडकाखाली पांढुरका, मेणचट डाग दिसला होता. ताईंच्या वहीत नोंद आहे: ‘जुनं पोळं? आधी पुन्हा बघणे.’ आग्या माश्या फुलोरा बघत जागा बदलतात, आणि वर्षानुवर्षं फिरून त्याच जागी उतरतात. दहा दिवस आधीच्या फेरीत तिथे काही नव्हतं. तरीही बेत असा ठरला की त्या सकाळी दोघांनी दुचाकीवर पुढे जायचं, आणि त्यांचा फोन येईपर्यंत बस हायवेवरच्या चहाच्या हॉटेलापाशी थांबवायची. मुलांनी कडा बघायच्या आधी निर्णय झालेला असावा, हा त्यातला डाव.

सकाळ

पुढे गेलेल्या दोघांत मी होतो. उजाडताना पोचलो. कड्याच्या बऱ्याच अलीकडे गाडी लावली आणि दुर्बिणीने बघितलं. छज्जाखाली हातभर रुंद काळपट काहीतरी लोंबत होतं. आग्या माश्यांचं पोळं एकच, उघड्यावर असतं. त्यावर माश्यांचे थर एकमेकींना धरून बसलेले असतात, त्यामुळे मेण दिसतच नाही. आम्ही बघत असताना एक घार कड्याच्या कडेने गेली. तिची सावली पडली आणि पोळ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लाट सरकत गेली. हजारो माश्या क्रमाने पोटाचं टोक वर उचलतात, त्याने ती लाट उठते. मग पुन्हा सगळं स्तब्ध. ही लाट म्हणजे इशारा. म्हणजे पोळं जागं होतं, आणि नुसत्या सावलीला उत्तर देत होतं.

शेळ्या घेऊन एक आजोबा चालले होते. म्हणाले, “काय करत न्हाईत ती. म्या रोज जातो की खालनं.” त्यांचं खरंच होतं. ते खालून गुपचूप जातात. आम्ही तिथे हातोडी वाजवणार, वरून दोर फेकणार, बावीस जण हसणार-ओरडणार, आणि निम्म्यांच्या अंगाला अत्तर.

कड्याखाली मोबाइलला रेंज नाही. वर येऊन सव्वासातला ताईंना फोन केला. त्या फक्त म्हणाल्या, “जागा दोन. मुंग्या, साप बघून घ्या, आम्ही पोचतो.”

हॉटेलात पुढे काय झालं ते ताईंकडून आणि मॅडमकडून कळलेलं सांगतो. क्रीडाशिक्षक नाराज झाले, आणि त्यांचा मुद्दा अगदीच फोल नव्हता. “ताई, कडा शंभर मीटर लांब आहे. आपण उजव्या टोकाला दोर लावू. शांत राहायला सांगू पोरांना.” आमच्यातल्याही एकाला हे पटण्यासारखं वाटलं होतं, नंतरच्या बैठकीत त्याने तसं बोलून दाखवलं.

ताईंनी उत्तर देताना माश्यांची संख्या, डंखाचं विष वगैरे काही काढलं नाही. त्यांनी पळू न शकणारी माणसं मोजली. माश्या उठल्या तर जमिनीवरचा माणूस पळतो. तोंड झाकून, न थांबता, सरळ लांब पळणं हाच उपाय असतो. पण तीन दोर लावले की तीन जण भिंतीवर असतात. त्यांना खाली घ्यायचं तर खालच्या तिघा बिलेअरना, म्हणजे त्यांचा दोर सांभाळणाऱ्यांना, जागेवर उभं राहावं लागतं, आणि ब्रेकचा हात सोडून चालत नाही. १५ मीटरवरून नवख्या मुलाला नीट खाली सोडायला अर्धं मिनिट जातं. अर्धं मिनिट चेहऱ्यावर डंख घेत हात न सोडणं हे कुणाकडून अपेक्षित धरायचं? तोंडाभोवती माश्या असताना मेंदू सांगतो हात झटक, आणि हात झटकला की वरचा माणूस खाली. शिवाय वर अँकरपाशी एक जण, तोही सेल्फ अँकरने कडेला अडकलेला. म्हणजे सात माणसं. “या सातांसाठी तुमच्याकडे काय बेत आहे सर?” असं त्यांनी विचारलं. सर गप्प झाले.

शंभर मीटरचं अंतर पुरेसं नाही, हे माझंही मत आहे. चिडलेल्या आग्या माश्या त्याहून लांब पाठलाग करतात. एकदा डंख बसला की त्या जागेतून सुटणारा गंध बाकीच्यांना तिथेच बोलावतो. मधमाश्यांच्या या इशाऱ्याच्या गंधात जे मुख्य द्रव्य असतं त्याचा वास पिकल्या केळ्यासारखा येतो, म्हणून मधपाळ पोळ्याजवळ केळी खायला मनाई करतात. योगायोग असा की कॉलेजने नाश्त्याला दोन करंड्या केळी आणली होती.

धूर करून उठवू, असंही एका विद्यार्थ्याने सुचवलं. डिसेंबरातलं वाळलेलं गवत, वनखात्याची जमीन आणि जिवंत पोळं. त्यावर चर्चा झाली नाही.

फॉर्ममधल्या त्या मुलीबद्दल ताईंनी हॉटेलात एक शब्द काढला नाही. तिच्यामुळे कडा हुकला असं कुणी म्हणू नये म्हणून. मला हे फार बरोबर वाटतं. निर्णय ती नसती तरी तोच असता.

जागा दोन

आठ मीटरचा पत्थर बघून अपेक्षेप्रमाणे एकाने टोमणा मारलाच: “का बे, ह्याच्यापेक्षा आमच्या चाळीची गच्ची उंच आहे.” हशा झाला. ताईही हसल्या, आणि म्हणाल्या की पहिला नंबर तुझा.

या जागेची खरी अडचण उंचीची नव्हती, वेळेची होती. मूळ बेतात तीन दोर होते. इथे नीट अँकर दोनच दोरांना मिळतात. एका मुलाला गाठ, तपासणी, चढणं, उतरणं आणि दोर सोडणं धरून बारा मिनिटं लागतात; घाई केली तर पहिली काट तपासणीला बसते. दोन दोरांवर बावीस जण म्हणजे अकरा पाळ्या, सव्वादोन तास, आणि त्यातल्या प्रत्येक क्षणी वीस मुलं रिकामी. रिकामी मुलं म्हणजे दगड फेकणं, कडेला जाऊन सेल्फी आणि ओढ्यात उतरणं. म्हणून आठ, सात, सात असे तीन गट पाडून फिरते ठेवले: एक दोरावर, एक धोंड्यांवर बोल्डरिंगला (दोराशिवाय, कमी उंचीवर चढायला), एक गाठी आणि बिले शिकायला. आठ जणांच्या चार पाळ्या म्हणजे ४८ मिनिटं, म्हणून प्रत्येक ठिकाणी पन्नास मिनिटं. हा हिशेब आदल्या आठवड्यातच वहीत केलेला होता, त्यामुळे बसमधून उतरल्यावर वीस मिनिटांत काम सुरू झालं.

माणसांची वाटणी: दोन दोरांवर दोन बिलेअर, वर अँकरपाशी मी, धोंड्यांपाशी एक, गाठींपाशी एक. ताईंच्या हातात काहीच नाही. काही गटांत सगळ्यांत अनुभवी माणूस बिलेला उभा राहतो. तो तिथे अडकला की बाकीच्या पंचवीस जणांवर कुणाची नजर उरत नाही. लीडर मोकळा पाहिजे.

अँकरबद्दल थोडं सांगतो, कारण लोक इथे घाई करतात. वर एक जुना, जिवंत कडुनिंब, बुंधा मांडीपेक्षा जाड. आणि त्याच्या बाजूला जमिनीत रुतलेला मोठा धोंडा. दोन्ही एकमेकांवर अवलंबून नसलेले आधार, दोहोंकडून स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर पुढे आणून कडेच्या खाली एका बिंदूत गाठ. दोन पायांमधला कोन साठ अंशांच्या आत ठेवायचा. साठ अंशांवर प्रत्येक आधारावर भाराचा साधारण ५८ टक्के वाटा येतो. कोन १२० झाला तर प्रत्येकावर पूर्णच्या पूर्ण भार, म्हणजे दोन आधार घेऊन काही कमावलंच नाही. त्या बिंदूत दोन लॉकिंग कॅराबिनर (तोंड बंद करता येणाऱ्या धातूच्या कड्या), तोंडं उलटसुलट. मुरमाड कडेवर दोर घासू नये म्हणून आमच्याकडे जुन्या सोलापुरी चादरी असतात. चार घड्या घालून दोराखाली टाकायच्या आणि सुतळीने बांधून ठेवायच्या, नाहीतर त्याच खाली येतात. विकतचे रोप प्रोटेक्टर मिळतात, पण फाटकी चादर काही वाईट काम करत नाही.

खाली सरांचं काम निघालं. त्यांनी जिमखान्यातून मैदान आखायची फक्की आणली होती, खो-खोच्या सवयीने. ताईंनी त्यांना पत्थराच्या पायथ्यापासून चार मीटरवर रेघ मारायला सांगितली. रेघेच्या आत फक्त चढणारा आणि बिलेअर, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. बाकी कुणी नाही, फोटोलाही नाही. ही रेघ सरांनी दिवसभर अशी सांभाळली की मुलं आम्हाला नाही, त्यांना घाबरत होती. दुसऱ्या पाळीत एका मुलाच्या हातात मुठीएवढा तुकडा सुटला. तो “दगड!” ओरडला, बिलेअर भिंतीला चिकटला, दगड रेघेच्या बराच आत पडला. कुणी मान वर करून बघितलं नाही, कारण सकाळी तेवढंच दहादा सांगितलं होतं: दगड ऐकलं की वर बघायचं नाही.

अंगठ्या, बांगड्या काढून घेतल्या होत्या, केस हेल्मेटच्या आत, ओढण्या बसमध्ये. चपला घालून आलेले तिघे निघालेच. त्यांच्यासाठी जादा कॅनव्हासचे बूट होते.

दुसऱ्या गटातली एक मुलगी पाच मीटरवर अडकली. पाय थरथरायला लागले, दोन्ही हातांनी एकच पकड घट्ट धरली आणि हलेना. खालून पोरांनी गलका केला, “चढ, चढ, थोडंच राहिलंय!” ताईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. भिंतीवरच्या माणसाशी एकानेच बोलायचं, हा आमचा नियम. त्या म्हणाल्या, “दोर टाइट आहे. आता हात सोडायचा नाही, फक्त मागे बस. झोपाळ्यावर बसतेस तशी.” दोन मिनिटं काही झालं नाही. ताईही दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग ती बसली, दोराने तिला धरलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला वरून दिसलं: हे खरंच धरतं तर! “वर जायचंय की खाली?” ताईंनी विचारलं. “खाली.” “ठीक.” तिला खाली घेतलं, कुणी वाईट वाटून घेतलं नाही. पुढे ती गाठींच्या गटात सगळ्यांत नीट डबल फिगर ऑफ एट घालत होती.

दिवसातली एकमेव दुखापत धोंड्यांपाशी झाली. डोक्याएवढ्या उंचीवरून उडी मारताना एकाचा पाय गादीच्या कडेवर पडला आणि घोटा मुरगळला. गाद्या जिमखान्याच्या, खाली जमीन उताराची, दोन गाद्यांमध्ये फट. इथे मी ताईंशी सहमत नाही. दोराच्या जागी दोन बिलेअर, अँकर, रेघ असा सगळा बंदोबस्त होता, आणि बोल्डरिंगला सात मुलांमागे एकच माणूस, का तर उंची कमी. बोल्डरिंगमध्ये प्रत्येक पडणं जमिनीवरचं असतं. तिथे उंचीची मर्यादा पावलांनी मोजायला हवी होती: पाय कमरेच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, आणि उडी नाही, उतरूनच यायचं. ताईंचं म्हणणं असं की नियम सांगितला होता, पाळला गेला नाही. माझं म्हणणं, सात पोरांना एक माणूस असेल तर तो पाळला जाणारच नाही. यावर आमचं अजून एकमत नाही.

घोट्याला क्रेप बँडेज, पाय उंच, आणि बर्फ नव्हता म्हणून गार पाण्याचा फडका. तुळजापूरचं सरकारी रुग्णालय जवळ होतं, तरी सोलापूरला परतल्यावर एक्स-रे काढला, हाड शाबूत.

अकराच्या सुमारास पत्थरावर ऊन आलं. ही जागा दक्षिण-पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे ज्यांना दुसऱ्यांदा चढायचं होतं त्यांच्यापैकी सहा जणांनाच पाळी मिळाली; नंतर दगडाला हात लागेना. माणशी तीन लिटरच्या हिशेबाने पाण्याचे पाच जार आणले होते, त्यातला एकच उरला. मग कडुनिंबाखाली कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. केळी सोलापुरात परतल्यावर खाल्ली.

नंतर

आठवड्याने बैठक झाली. सरांनी तक्रार केली नाही, पण विचारलं की प्राचार्यांना मोठ्या कड्याचे फोटो कधी द्यायचे. ताईंनी सांगितलं की मोहोळ उठेपर्यंत तो कडा वहीतून बाद. माश्या गेल्यावरही पुढच्या हिवाळ्यात तिथेच परत यायची शक्यता दाट, आणि मोहोळ नसण्याचा काळ साधारण पावसाळ्याचा. सोलापूरला सप्टेंबर हाच सगळ्यांत पावसाचा महिना, तेव्हा ओल्या बेसॉल्टवर नवखे न्यायचे नाहीत. म्हणजे १५ मीटरचा तो सुंदर सावलीचा कडा नवख्यांच्या गटासाठी जवळजवळ गेलाच. उत्तरेकडे तोंड असलेली दुसरी जागा शोधायचं काम दोघांनी अंगावर घेतलंय.

बोल्डरिंगला यापुढे दोन माणसं, एवढं मी मान्य करून घेतलं. त्यासाठी गटात सातवा माणूस लागणार, आणि तो दर रविवारी मिळत नाही. मिळाला नाही तर मुलांची संख्या अठरावर आणायची की बोल्डरिंगच गाळायचं, यावर फेब्रुवारीच्या सत्राआधी बोलायचं ठरलं आहे.